गच्चीच्या ठरावाला जालन्याचा हात

आमच्या सोसायटीची गच्ची सर्वांना खुली करावी, हा ठराव जालना, सावंतवाडी आणि खारी गाव इथल्या लोकांनी प्रचंड बहुमताने मंजूर केला, हे मी आधीच सांगून टाकतो. तुम्हाला ते दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. यांतल्या एकानेही आमची गच्ची पाहिलेली नव्हती. तसं म्हटलं तर आमच्यातल्याही निम्म्या लोकांनी पाहिलेली नाही, कारण तिला कुलूप असतं. पण कुलपाकडे नंतर येतो. सुरुवात झाली ती रीमा मॅडमच्या फोनपासून.

निवृत्तीनंतर मी एका प्रशिक्षण संस्थेसाठी 'गृहनिर्माण संस्था व्यवस्थापन' हा ऑनलाइन कोर्स शिकवतो. सभा कशी बोलवावी, गणपूर्ती म्हणजे काय, कार्यवृत्त कसं लिहावं, चिडलेल्या सभासदाला खाली कसं बसवावं, असे विषय. रीमा मॅडम या संस्थेच्या समन्वयक. वय माझ्या मुलाएवढं, पण आवाजात अशी काही गोड काळजी असते की डॉक्टरने रिपोर्ट हातात घेतल्यासारखं वाटतं.

"सर, तुमचं शिकवणं उत्तम आहे. पण मुलं म्हणतात, सर आमच्याशी जोडले जात नाहीत. सरांचा आमच्यावर विश्वासच नाही असं वाटतं."

मुलं म्हणजे त्यांतलं थोरलं मूल निवृत्त ग्रामसेवक होतं.

"महिनाअखेरीस आपण फीडबॅक मागवतोय," त्या म्हणाल्या. "फरक दिसला नाही, तर ही बॅच पुण्याच्या सरांकडे द्यावी लागेल. त्यांचा मुलांशी खूप छान रॅपो आहे. ते तासाच्या सुरुवातीला गाणं म्हणतात."

"कुठलं?"

"कुठलंही, सर."

फोन ठेवला आणि मी स्वतःशीच मांडून पाहिलं. विश्वासाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. माझी सगळी नोकरी विमा कंपनीच्या दावे विभागात गेली. समोरचा माणूस सांगतोय ते खरं नसावं, असं धरून चालण्याचाच मला पगार मिळायचा. घरात मोटारसायकल असलेला माणूस लंगडत आत आला की मी आधी कुठला पाय ते बघायचो आणि परत जाताना तोच आहे ना, हेही बघायचो. अशा माणसाला अचानक विश्वास संपादन करायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवून वर त्याने गाणं म्हणावं अशी अपेक्षा करणं.

पण बॅच जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती. कारण साधं आहे. घरात मला नीलम 'अहो' म्हणते. सोसायटीत मी सेक्रेटरी असल्यामुळे पाणी गेलं की 'कर्णिक कुठायत' असं विचारतात आणि पाणी आलं की कुणी काहीच म्हणत नाही. 'सर' म्हणणारी जगात फक्त ही पंचवीस-तीस माणसं, आणि तीही काळ्या चौकोनांत. कॅमेरा बंद, माईक बंद. वर्षानुवर्षं सेक्रेटरी असल्यामुळे बंद दारांची मला सवय आहे. पण बंद दाराची बेल तरी वाजवता येते. इथे मी तासभर बोलायचो, शेवटी "काही शंका?" विचारायचो आणि तीस चौकोन मला अंधारातून बघत राहायचे. बघत होते की नाही, देव जाणे. निदान हात वर करायचं बटण तरी दाबा, असं मी रोज विनवायचो. "अहो, कुणीतरी हात वर करा हो," हे माझं तासातलं शेवटचं वाक्य ठरून गेलं होतं. त्या वाक्याने पुढे माझा घात केला.

सल्ल्याची आमच्याकडे कधीच टंचाई नसते. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात भूपेशभाईंचं साड्यांचं दुकान आहे. ते आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, माझ्या समोरच्या दारातले. जिन्यात त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि सगळी हकीगत काढून घेतली.

"देखो कर्णिकसाहेब," ते म्हणाले, "अपने यहाँ ग्राहक आता है तो पहले क्या दिखाते हैं? साडी? ना. पहले बोलते हैं, बैठो बेन, पानी पिओ, चाय पिओ. बच्चे का कैसा है, सासू का घुटना कैसा है. साडी तो बाद में. आप क्या करते हो? आया नहीं कि सीधा साडी खोलते हो."

मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना मी शक्य तितक्या प्रेमळ आवाजात म्हणालो, "आज घाई नाही. सगळ्यांनी आपापला चहा घेऊन या, मग गप्पा मारत सुरू करू." मीही नीलमने केलेला चहा घेऊन बसलो. चौकोन तसेच होते. बराच वेळ मी त्यांच्याशी चहाच्या महतीवर बोललो. मग एक प्रश्न विचारला, उत्तर नाही. दुसरा विचारला, नाही. माझ्या लक्षात आलं की तीसच्या तीस माणसं चहा करायला गेली होती आणि त्यातली बहुतेक परत आलीच नव्हती. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकाला चहा स्वतःच करावा लागतो, हा तपशील भूपेशभाईंच्या सल्ल्यात नव्हता.

"चहा पाजून कुणी आपलं होत नाही," नीलम म्हणाली. "मी तुम्हाला किती वर्षं पाजतेय. माणसाची चौकशी करावी. घरी कोण असतं, तब्येत कशी, असं."

म्हणून पुढच्या तासाला मी चौकशी सुरू केली. आता चौकशी म्हटलं की माझी जीभ आपोआप जुन्या खुर्चीत जाऊन बसते. सावंतवाडीच्या रसिका नावाच्या विद्यार्थिनीपासून सुरुवात केली. पूर्ण नाव? सध्याचा पत्ता? घरी आणखी कोण कोण? ते दिवसभर घरीच असतात का? नसतात तर किती वाजता बाहेर पडतात? मला वाटलं, मी मायेने विचारतोय. पाचव्या प्रश्नाला तिचा चौकोनच नाहीसा झाला. संध्याकाळी रीमा मॅडमचा फोन. रसिकाच्या यजमानांनी विचारलं होतं, की आमचं घर कधी रिकामं असतं हे तुमच्या सरांना कशासाठी हवंय?

"तुम्ही चौकशी केलीत की उलटतपासणी?" नीलमने विचारलं. संसारात काही प्रश्नांची उत्तरं न देणं हाच खुलासा असतो.

तिसरा सल्ला आमच्या चिरंजीवांचा. नीरज बंगळूरला असतो आणि तिथून आमच्या आयुष्यात सुधारणा करतो. "बाबा, तुमच्यामागे ते लोखंडी कपाट दिसतं. चौकीत बसल्यासारखं वाटतं. पाठीमागे एखादं छान चित्र लावा." त्याने फोनवरून सांगत ते पडद्यावर लावूनही दिलं. समुद्रकिनारा, माड, निळं आकाश. त्या दिवशी मी सोसायटीच्या दप्तरांची नावं सांगत होतो. मधेच एका बाईचा आवाज आला. अख्ख्या कोर्समध्ये विद्यार्थ्याने आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. "सर, तुमचा कान जातोय."

मी मान वळवली तर दुसरा गेला. लॅपटॉपला माझ्यात आणि माडात फरक करता येत नव्हता. पण कान गेल्याचं दुःख मला झालं नाही. कुणीतरी माझ्याकडे बघत होतं, हे मला पहिल्यांदा कळलं. ही बाई म्हणजे सुलू, इथल्याच, पलीकडे पूर्वेच्या खारी गावातली. त्यांच्या जुन्या घरांच्या जागी इमारत झालेली आणि घरच्यांनी तिला कमिटीवर बसवलेलं. मी अत्यानंदाने तिला विचारलं, "आणखी काही विचारायचंय?"

"न्हाय," ती म्हणाली आणि पुन्हा काळी झाली.

महिना संपत आला होता. अशा वेळी मला ती कल्पना सुचली, आणि कल्पना सुचली की माझ्यातला दावे विभाग नेमका रजेवर जातो. आमची वार्षिक सर्वसाधारण सभा तोंडावर आली होती. मी पुस्तकातल्या सभा शिकवत बसतो, त्यापेक्षा विद्यार्थ्यांना खरी सभा दाखवली तर? सर स्वतःच्या घरचं दाखवतायत म्हटल्यावर विश्वास बसणारच. आमचे काही सभासद पुण्याला, दुबईला राहतात, त्यांच्यासाठी सभा ऑनलाइनही असते. त्यासाठी सोसायटीने वेगळी सोय विकत घ्यायची काय गरज? माझ्या वर्गाची लिंक आहेच. सभासदही तिथेच येतील, विद्यार्थीही तिथेच बसतील. एका दगडाचा खर्च वाचवून मी दोन पक्षी एकाच फांदीवर बसवले.

विद्यार्थ्यांना बजावून सांगितलं: फक्त बघायचं. बोलायचं नाही, कॅमेरा लावायचा नाही. खरं तर हे सांगायची गरज नव्हती, त्यात ते तरबेज होते.

सभा नेहमीप्रमाणे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, डेकोरेटरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. एका टेबलावर भूपेशभाईंच्या घरचा टीव्ही आणि त्यावर सगळे काळे चौकोन. विषय मुख्य एकच: गच्ची. आमच्या गच्चीला कुलूप असतं ते जयकुमार उपाध्यांमुळे. उपाध्ये सर गणिताचे निवृत्त शिक्षक, अगदी वरच्या मजल्यावर राहतात. वर कुणी चाललं की त्यांच्या डोक्यावर पावलं वाजतात, म्हणून दर वर्षी ते या विषयाला हरकत घेतात. पापड वाळवणाऱ्या बायका, फेऱ्या मारणारे म्हातारे, सगळे दर वर्षी चिडतात आणि हात वर करायची वेळ आली की इकडेतिकडे बघतात. उपाध्यांशी वैर कोण घेणार? निम्म्या इमारतीच्या मुलांना त्यांनी पाढे शिकवलेत.

यंदाही तेच झालं. भूपेशभाई म्हणाले, "जिसको मंजूर है, हाथ ऊपर." खुर्च्यांमधले सात-आठ हात अर्धवट वर आले, खांदा खाजवत असल्यासारखे. टीव्हीवर शुकशुकाट. काळे चौकोन, बंद माईक, माणसं नाहीत. त्या क्षणी मी कुठे आहे हे विसरलो. समोर चौकोन दिसले की माझ्या तोंडून जे वाक्य निघतं ते निघालं.

"अहो, कुणीतरी हात वर करा हो."

आणि टीव्हीवर एक पिवळा हात उगवला. मग दुसरा. मग भराभर, एखाद्या शाळेत उत्तर सगळ्यांनाच येत असावं तसे, पडदाभर हातच हात. ज्या दृश्यासाठी मी आख्खा महिना तळमळलो ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी गहिवरलो. भूपेशभाईंनी "ठराव पास" म्हणून टेबलावर थाप मारली. पापडवाल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

उपाध्ये सर उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला. फळ्यावर चुकलेलं गणित दिसल्यावर शिक्षक जितक्या शांतपणे खडू उचलतो, तितक्या शांतपणे ते म्हणाले, "आपल्याकडे फ्लॅट चाळीस. खाली खुर्च्यांवर एकवीस बसलेत. म्हणजे पडद्यावर फार तर एकोणीस हात असू शकतात. मला सव्वीस दिसतायत."

ते टीव्हीजवळ गेले आणि चौकोनांखालची नावं वाचू लागले. आता नावं म्हणजे फोनने आपलं आपण जे लिहिलं असेल ते. रेडमी. गॅलक्सी. पुन्हा रेडमी. आई. हॉलचा टॅब.

"हे पप्पा कोण?" उपाध्यांनी विचारलं. "कुठल्या विंगचे पप्पा?"

एक चौकोन उजळला. पिकलेल्या मिशा, कपाळाला अष्टगंध. "नमस्कार. मी आत्माराम शेजूळ, जालना. मुलाने फोन लावून दिला, तर त्याने हेच नाव टाकलं बघा."

"जालन्याहून तुमचा आमच्या गच्चीशी संबंध काय?"

"काहीच नाही," आत्माराम म्हणाले. "पण सर म्हणाले, हात वर करा. इतकं कळवळून सांगितलं, नाही कसं म्हणणार?"

पार्किंगमध्ये एकदम गलका झाला. सेक्रेटरीने भाडोत्री मतदार आणले, असं कुणीतरी मागून ओरडलं. "भाडोत्री कशाने?" नीलम खुर्चीवरून म्हणाली, "ते उलट फी भरून आलेत." पत्नीने बाजू घेतली याचा आनंद मानावा, की ती घेतलेली बाजू मला आणखी बुडवते याचं दुःख, हे मला ठरवता आलं नाही.

मी उभा राहिलो. सव्वीस हात अजून वरच होते, खाली कसे करायचे ते मी शिकवलंच नव्हतं. त्यांच्यासमोर, ज्यांना सभेचे नियम मी शिकवतो त्यांच्यासमोर, मला म्हणावं लागलं, "ही चूक माझी आहे. ठराव मंजूर नाही, नामंजूरही नाही. तो झालेलाच नाही. विशेष सभा बोलवावी लागेल." मग टीव्हीकडे वळून म्हणालो, "विद्यार्थ्यांनी आता गेलं तरी चालेल."

एकही गेला नाही.

उपाध्यांचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं, अक्षर मोत्यासारखं. कुठला हात सभासदाचा आणि कुठला परक्याचा, याचा प्रत्येकी खुलासा आठवड्याच्या आत द्यावा, अन्यथा सेक्रेटरीने पद सोडावं. माझ्याच धड्यातलं वाक्य होतं. मी सहकार खात्याच्या एका कचेरीत विचारायला गेलो. तिथल्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असा प्रकार आमच्याकडे पूर्वी आलेला नाही."

"आता आलाय."

"पूर्वी आलेला नसल्यामुळे आता घेता येत नाही. आधी प्रत्येक हाताचा खुलासा आणा."

म्हणजे फोन करणं आलं. आमचा सभासद रेडमी कुठला आणि विद्यार्थी रेडमी कुठला, हे विचारल्याशिवाय कळणार कसं? मी जेवणं उरकून यादी घेऊन बसलो. या वेळी चौकशी करायचं बळच नव्हतं. मी सरळ म्हणायचो, "मी कर्णिक. माझ्यावर बालंट आलंय. त्या दिवशी तुम्ही हात वर केलात का?" आणि गप्प बसायचो.

गंमत अशी, की मी विचारेनासा झालो आणि माणसं सांगायला लागली.

रसिका म्हणाली, "हो सर, मी केला. आणि सर, त्या दिवशी मी निघून गेले ते रागाने नाही. मी औषधांच्या दुकानात कामाला आहे. तास मागच्या गोदामात बसून करते. माझ्यामागे मोठ्या माणसांच्या डायपरची थप्पी असते. कॅमेरा कसा लावणार?" मग आपणहून सांगितलं, की यजमान दुकानाबाहेरच रिक्षा लावतात आणि त्यांना माझा आवाज आवडतो, फक्त प्रश्न आवडले नव्हते.

सुलूने फोन स्पीकरवर टाकला. मागे भांडी, कुकर, लहान मुलं, आणि कुणीतरी कुणाला चटई सरकवायला सांगत होतं. "आम्ही समदी बसतो सर तुमच्या तासाला," ती म्हणाली. "सासू, दोन दीर, जावा. नाव माझं, पण ऐकतं आख्खं घर. म्हनून माईक बंद ठेवते, न्हायतर तुम्हाला इथलाच गलका ऐकू येल. हात वर केला तो घरात विचारून केला. धाकट्या दिराचा विरोध होता."

"का?"

"तो म्हनला, वरच्या माळ्यावरच्या माणसाची झोप जाते. त्याचं बी खरं हाय ना."

मी हे लिहून घेतलं. आमच्या आख्ख्या इमारतीत उपाध्यांच्या झोपेचा विचार कुणी केला नव्हता. तो खारी गावातल्या एका धाकट्या दिराने केला होता.

आत्माराम शेजूळ सगळ्यात जास्त बोलले. हेच ते निवृत्त ग्रामसेवक. मुलाच्या नव्या इमारतीत राहायला आले आणि दुसरं कुणी तयार नाही म्हणून त्यांना सेक्रेटरी करून टाकलं. "सर, तुम्ही तासाला इतकं बिनचूक बोलता, की मला वाटायचं, आपल्याकडून हे काही व्हायचं नाही. शंका विचारायची लाज वाटायची. त्या दिवशी तुमच्या सभेत तुमची जी दशा झाली ना..." ते खाकरून म्हणाले, "लई बरं वाटलं बघा."

दावे विभागात मी हजारो माणसांचं दुःख ऐकलं, पण माझ्या दुःखाने कुणाला बरं वाटल्याचं असं प्रामाणिकपणे कुणी सांगितलं नव्हतं. मी काहीही न तपासता विश्वास ठेवला.

पुढच्या तासाला लिंक उघडली तर चौकोन उजळलेले. सगळे नाहीत, पण बरेच. मिशा, डायपरची थप्पी, आणि सुलूच्या चौकोनात एका बाजूला एक गुडघा व दोन कान, दिरांचे असावेत. मी 'लेखापरीक्षण' हा धडा काढला, तर रसिका म्हणाली, "सर, ते राहू द्या. तुमच्या सभेचं कार्यवृत्त आता कसं लिहिणार? पास झालेला ठराव झालाच नाही, हे लिहायचं कसं?"

मला येत नव्हतं. मी तसं सांगितलं. मग तासभर तिघा-चौघांनी भांडून मसुदा केला. विशेष सभेची नोटीस आत्मारामांनी सांगितली, त्यात मी दोन शब्द बदलले तर तेही त्यांनी परत बदलून घेतले. आणि प्रत्येकाकडे उपाध्ये निघाले. "आमच्याकडेबी हाय असा एक," सुलू म्हणाली आणि तिथून सुरुवात झाली. सावंतवाडीचे उपाध्ये लिफ्टमध्ये कुत्र्याला नेऊ देत नाहीत. जालन्याचे उपाध्ये मागच्या सभेचं कार्यवृत्त वाचायला लागलं की मागच्या सभेतलं भांडण पुन्हा काढतात. सरावाच्या सभांमध्ये हरकत घेणाऱ्या सभासदाची भूमिका असते, तिचं नावच मग 'उपाध्ये' पडलं. "आज उपाध्ये मी होणार," म्हणून चढाओढ व्हायची. मी नाव बदलायला सांगितलं होतं, फार जोरात नाही.

फीडबॅक जमा झाल्यावर रीमा मॅडमचा फोन आला. "सर, काय केलंत तुम्ही? एकाने लिहिलंय, सरांचंही चुकतं हे बघून धीर आला. दुसऱ्याने लिहिलंय, सरांची सभा पुन्हा दाखवा. बॅच तुमच्याकडेच राहणार." ही रक्कम जमेला धरायची की नावे टाकायची, यावर मी अजून निर्णय घेतलेला नाही. पण फोन ठेवून मी नीलमला म्हटलं, चहा मी करतो. ती बराच वेळ माझ्याकडे संशयाने बघत होती.

"आणि सर," रीमा मॅडम फोन ठेवता ठेवता म्हणाल्या होत्या, "एक नवीन प्रवेश आलाय. तुमच्याच इमारतीतला पत्ता आहे."

उपाध्यांनी संस्थेत फोन करून माझ्या तासांची रेकॉर्डिंग मागितली होती. ती फक्त विद्यार्थ्यांना मिळतात, असं कळल्यावर ते विद्यार्थी झाले. पहिल्या दिवसापासून कॅमेरा चालू, वही उघडी, चेहरा परीक्षकाचा. माझं वाक्य चुकलं की पेन हलायचं. माझ्यावर इतका अविश्वास असलेला आणि इतका नियमित हजर राहणारा विद्यार्थी मला पुन्हा मिळणार नाही.

मला भीती एकच होती. ती लवकरच खरी झाली. सरावाची सभा होती आणि सेक्रेटरीची पाळी यादीप्रमाणे उपाध्यांवर आली. सुलूला नवे सर कोण हे माहीत नव्हतं; सभेत ते तिला दुरून, अंधूक दिसलेले, आणि आता त्यांचा फोन 'जयकुमार' दाखवत होता. ती उत्साहाने म्हणाली, "सर, आज उपाध्ये मी होते."

मी डोळे मिटले. उपाध्यांनी पेन वहीवर आडवं ठेवलं. मग म्हणाले, "व्हा."

ती झाली. घरातून मागून सूचना येत होत्या.

"मागच्या सभेचं कार्यवृत्त मला मिळालं न्हाय."

"पाठवलंय," उपाध्ये म्हणाले. "पोच आहे."

"मिळालंय. पन मला पटलेलं न्हाय."

"न पटण्याचं कारण लेखी द्या."

"लेखी दिलंय. त्याचं उत्तर मिळालं न्हाय."

"उत्तर दिलंय."

"उत्तर मिळालंय. पन ते उशिरा मिळालं, म्हनून ते मी मानत न्हाय. आनि आजच्या सभेत खुर्च्या सावलीत मांडल्यात, माझी उन्हात आलीये. पुन्हा पयल्यापासून सुरू करा."

उपाध्यांनी चष्मा काढला. कपाळावरून हात फिरवला. "कर्णिक," ते म्हणाले, "या बाईंना आवरा हो. हे उपाध्ये सभा चालूच देत नाहीत."

माईक सगळ्यांचे बंद होते. पण तीस चौकोन हलत होते, आणि आत्माराम शेजूळ कॅमेऱ्यातून खाली गेले ते बऱ्याच वेळाने वर आले. उपाध्ये सरांना आपण काय बोललो ते हळूहळू कळलं. ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं मात्र.

विशेष सभा रविवारी सकाळी झाली. या वेळी फक्त आमच्या सभासदांसाठी वेगळी लिंक; विद्यार्थी वर्गाच्या लिंकवर निकालाची वाट बघत बसले होते. मी ठराव वाचला. उपाध्ये उभे राहिले, तसे बायकांनी निःश्वास टाकले. ते म्हणाले, "माझी हरकत नाही, दुरुस्ती आहे. गच्ची सकाळ-संध्याकाळ खुली असावी. चपला जिन्यात काढून वर जावं. खाली माणूस राहतो." मी त्यांना धाकट्या दिराचा मुद्दा खुलाशात लिहून पाठवला होता, तो त्यांनी वाचला असावा. भूपेशभाईंनी हात मागितले. मी काही न बोलता खाली बघत बसलो. मान वर केली तेव्हा सगळे हात वर होते, आणि उपाध्ये ते मोजत होते. स्वतःचा धरून.

सभा संपल्यावर कागद आवरून मी लॅपटॉप घेऊन जिन्याने वर निघालो. वरच्या मजल्यावर उपाध्यांच्या दाराशी चपलांची रांग लागली होती, उपाध्ये वाकून त्यातली एक वाकडी सरळ करत होते. मी माझ्या काढल्या. कुलूप उघडं होतं. गच्चीवर ऊन, दूर पश्चिमेला मिठागरांची पांढरी पट्टी, आणि पापडांची पहिली फळी पसरलेली. मी लॅपटॉप फिरवून विद्यार्थ्यांना सगळं दाखवलं.

"सर, मोठी हाय हो आपली गच्ची," सुलू म्हणाली. मागे तिचं आख्खं घर बघत होतं.

आत्माराम म्हणाले, "मी छोटीशी समजून हात वर केला होता. आता वाटतं, दोन्ही करायला पाहिजे होते."

मला काहीतरी आभाराचं बोलायचं होतं. पण फरशी उन्हाने अशी तापली होती की मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो, आणि आभार मानणाऱ्या माणसाने निदान एका जागी उभं राहावं असं मला वाटतं. तेवढ्यात जिन्यातून उपाध्यांचा आवाज आला.

"कर्णिक, हळू. खाली घर आहे."

मी नाचणं थांबवलं. तळव्यांना चटके बसत होते, समोर तीस माणसं कॅमेरे लावून माझ्याकडे बघत होती, आणि मी, लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून, शक्य तितका हळू चालत त्यांना गच्चीचा दुसरा कोपरा दाखवायला निघालो.